सातविणीखालची करवत

३० मे २०२२ च्या संध्याकाळी दिल्लीत आँधी आली. जामा मशिदीच्या घुमटावरचा कळस मोडला, सफदरजंगला वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत गेला, आणि मयूर विहार फेज वनमधल्या आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकात एक जुना कडुनिंब आडवा झाला. पहिल्या दोन बातम्या पेपरात आल्या. तिसरीनं मला पुढची दोन-तीन वर्षं कामाला लावलं.

झाड कापायला आमच्याकडे चेनसॉ होता. आदल्याच वर्षी घेतलेला, नारिंगी रंगाचा, ५८ सीसी, बावीस इंची बार. कोटेशनवर सही माझी, कारण खजिनदार मी. माळ्यानं दोरी ओढली, मशीन गरजलं आणि वीस मिनिटं फांद्या सटासट पडल्या. मग बुंध्याला हात घातला तशा ठिणग्या उडायला लागल्या. बुंध्यात खिळे होते. चेन बोथट झाली तरी गडी मशीन रेटत राहिला. बारवर तेल येणं कधीच थांबलं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. बार निळा पडला, धूर निघाला आणि इंजिन जे आवळलं ते आवळलंच. उरलेलं झाड दोन माणसांनी हातआरीनं दीड दिवसात कापलं. मशीनवरचं नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. तेच मशीन आज दुसऱ्या नावानं मिळतं.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीत दोन तट पडले. आमचा फेज वन म्हणजे मल्याळी माणसांचा मोठा मुक्काम. उत्तर गुरुवायूरप्पन मंदिर इथलंच. शेजारच्या मल्याळी काकांच्या गावाकडे रबराची झाडं पंचवीस-तीस वर्षांनी तोडून नवी लावतात, त्यामुळे मशीनच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, हुस्कवार्ना. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर म्हणाले, स्टील. मग पाच मिनिटं ‘स्टील म्हणजे लोखंडाचं का’ यावर गेली. नाव अँड्रियास स्टील या माणसाचं आहे, आपण म्हणतो त्या पोलादाचं नाही. मी म्हटलं, चौकशी करून सांगतो. खजिनदाराची अक्कल एकदा गेली होती, दुसऱ्यांदा परवडली नसती.

इतिहास थोडक्यात. स्टीलनं १९२६ मध्ये जर्मनीत विजेवर चालणारी, दोन माणसांनी उचलायची साखळी-करवत काढली. पेट्रोलचा मान मात्र डोलमारचा: १९२७ मध्ये एमिल लेर्पनं थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर आपलं मशीन चालवून पाहिलं, आणि त्या डोंगराचंच नाव कंपनीला दिलं. हुस्कवार्ना सगळ्यांत म्हातारी, १६८९ ची, पण तेव्हा ती स्वीडनच्या राजाला बंदुका पुरवायची. चेनसॉकडे वळली १९५९ मध्ये. डोलमार १९९१ मध्ये जपानच्या माकितानं घेतली, आणि माकितानं ३१ मार्च २०२२ ला पेट्रोलची मशिनं बनवणंच बंद केलं. आमचा कडुनिंब पडला त्याच्या जेमतेम दोन महिने आधी.

आणि आमचं नारिंगी मशीन? त्याचंही कुळ निघालं. ४५, ५२, ५८ सीसी असे आकडे मिरवणारी, डझनावारी नावांनी विकली जाणारी ही चिनी मशिनं मुळात झेनोआ या जपानी कंपनीच्या चांगल्या मशीनची नक्कल आहेत. त्या झेनोआला २००७ मध्ये हुस्कवार्नानं पोटात घेतलं. म्हणजे मल्याळी काका ज्या घराण्याचं गुणगान करत होते, त्याच घराण्याच्या नातलगाची उसनी कुंडली आमच्या पंपरूममध्ये पडून होती. काकांना हे सांगितलं तेव्हा ते आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

मशीन उघडलं ते श्रद्धानंद मार्गावर, जुन्या जी. बी. रोडवर, जिथं पंप, मोटारी, अवजारांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. मिस्त्री साठीचा. त्यानं सायलेन्सर काढला, त्या भोकातून टॉर्च मारली आणि मला वाकायला सांगितलं. पिस्टनवर उभे ओरखडे, नखानं जाणवतील इतके खोल, आणि तेही सायलेन्सरच्या बाजूलाच. म्हणजे तेल कमी पडलं, हवा जास्त झाली, धातू तापून चिकटला. मग त्यानं एका नामांकित मशीनचा जुना सिलेंडर काढून हातात दिला. आतून काचेसारखा. चांगल्या सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर असतो. तो इतका कठीण की पिस्टन बदलला तरी सिलेंडर चालतो. आमच्यात क्रोमचा पातळ मुलामा होता, तो सोलला होता. मजा अशी की क्रँककेसचा सांगाडा आमच्या मशीनचा काही वाईट नव्हता. आराखडा उसना का होईना, खानदानी होता. बेत चांगला, किराणा हलका.

सीसी हा जागेचा आकडा आहे, कामाचा नाही, हे मला इथं कळलं. स्टीलचं एमएस १८० हे ३१.८ सीसीचं, हुस्कवार्नाचं १२० मार्क टू ३८.२ सीसीचं. ताकद दोन्हींची दीड किलोवॅटच्या आसपास. वजनात पहिलं जवळपास पाऊण किलोनं हलकं. एमएस २५० तर अवघं ४५.४ सीसीचं, पण देतं २.३ किलोवॅट. म्हणून डब्यावरचा ५८ बघून सही करणाऱ्यानं किलोवॅटची ओळ शोधावी. बऱ्याच स्वस्त डब्यांवर ती सापडतच नाही, आणि तेवढ्यावरून काय ते ओळखावं.

याहून मोठा फरक दर्जाचा आहे, आणि तो कंपनी-कंपनीत कमी, एकाच कंपनीच्या घरगुती आणि धंद्याच्या मशिनांत जास्त. एमएस १८० किंवा १२० मार्क टू ही घरगुती माणसाची. धंदेवाल्याची वेगळी: स्टीलचं ३८२, हुस्कवार्नाचं ३६५. यांचा क्रँककेस मॅग्नेशियमचा, तेलपंप कमी-जास्त करता येतो, आणि एकेक भाग सुटा होऊन बदलतो. ‘स्टील टिकत नाही’ किंवा ‘हुस्कवार्नात दम नाही’ म्हणणारा माणूस बहुधा घरगुती मशीनकडून धंद्याचं काम करून घेत असतो. ‘जर्मन माल’ या शब्दालाही फार अर्थ उरलेला नाही. स्टीलचे कारखाने अमेरिकेत आहेत, ब्राझीलमध्ये आहेत, चीनमध्येही आहेत.

दिल्लीपुरती एक गोष्ट हुस्कवार्नाच्या बाजूनं सांगायला हवी, ती म्हणजे धूळ. यमुनेचा काठ, सततची बांधकामं, त्यात आँधी. हुस्कवार्नाच्या मध्यम-मोठ्या मशिनांत पंख्याच्या फेकीनं जाड धूळ फिल्टरपर्यंत पोचण्याआधीच बाहेर टाकली जाते. स्टीलच्या मोठ्या मशिनांतही तशी सोय आहे. आमच्या नारिंगी मशीनचा फिल्टर म्हणजे जाळीचा तुकडा; मिस्त्रीनं तो झटकला तेव्हा टेबलावर चहाचा चमचाभर माती पडली.

पण मशीन मेलं ते याच्यानं नाही, पेट्रोलनं. सोसायटीचं मशीन वर्षातून चार-सहा दिवस चालतं. उरलेले महिने टाकीत पेट्रोल तसंच. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत मर्यादा दहा टक्क्यांची लिहिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, रबराच्या नळ्या कडक करतं, कार्बोरेटरची झिल्ली आखडते, इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते. तेलाचं प्रमाण चुकलं की मग विचारूच नका. स्टीलच्या पुस्तिकेत कंपनीचं तेल असेल तर पन्नासास एक, दुसरं असेल तर पंचविसास एक. म्हणजे लिटरला २० मिली किंवा ४० मिली. आमचा माळी ‘अंदाजानं’ टाकायचा. मिस्त्रीनं मशीन ठेवून द्यायची रीत एका वाक्यात सांगितली: काम झालं की टाकी रिकामी करायची आणि मशीन आपणहून बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं.

चेनची गोष्ट मला सगळ्यांत आवडली. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या एका ओंडक्यात तोंड खुपसून बसलेली भुंग्याची अळी बघत बसला. अळी लाकडाचा धागा आडवा का उभा हे बघत नव्हती. जबडा डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, सरळ पुढे. त्यानं तसेच दात साखळीला लावले, एक डावा, एक उजवा. आजची जवळपास प्रत्येक चेन त्याच अळीची लेक. ओरेगॉन नावाची चेन अजून बाजारात आहे आणि कुठल्याही कंपनीच्या मशीनवर बसणारी मिळते. स्टील स्वतःची चेन स्वित्झर्लंडमध्ये बनवते.

दात घासताना मिस्त्रीनं मला शेजारी बसवलं. गोल कानस, आमच्या चेनला ४.८ मिलिमीटरची. तीस अंशांचा कोन, कानस फक्त पुढे ढकलायची, मागे ओढायची नाही, प्रत्येक दाताला सारखेच हात. आधी सगळे डावे, मग सगळे उजवे. डाव्यांना तीन आणि उजव्यांना पाच हात दिले की काप वाकडा जातो आणि बिचाऱ्या कंपनीला शिव्या पडतात. धार लागल्याची खूणही त्यानं दाखवली: खाली कपच्या पडल्या तर चेन शहाणी, पीठ पडलं तर थांबा. त्या संध्याकाळी आमच्या कडुनिंबाखाली पीठच पडलेलं होतं. मी त्याचे फोटोही काढले होते, वादळाची आठवण म्हणून.

खिळे कुठून आले? पाट्या, क्लासच्या जाहिराती, केबलच्या तारा, दिवाळीच्या माळा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट फोडायला आणि खोडावरचे खिळे-पाट्या काढायला सांगितलं होतं. आम्ही दोन्ही केलं नाही. मुळांवर फरशी होती म्हणून झाड पडलं, खोडात खिळे होते म्हणून चेन गेली.

सुट्या भागांवर मात्र माझं मत मिस्त्रीशी पूर्ण जुळत नाही. तो म्हणतो, नक्कल मशिनांचं सगळं एकमेकांना बसतं, पिस्टन-सिलेंडरचं किट कुठंही मिळतं, किंमत नामांकित मशीनच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात, मग मोडलं तर मोडलं. त्याच्या ड्रॉवरमध्ये ते भाग खरंच मुठी-मुठीनं भरलेले होते. हाही टिकाऊपणाच, पण मिस्त्रीशेजारी राहणाऱ्याचा. स्टीलचा भारतातला कारभार पुणे जिल्ह्यातल्या चाकणहून चालतो, भाग अधिकृत विक्रेत्याकडून येतात, थोडे महाग पडतात, पण नंबर सांगितला की तोच भाग येतो. रोज लाकूड कापणाऱ्याला एक दिवस मशीन बंद म्हणजे एक दिवस चूल बंद. त्यानं धंद्याचं मशीन घ्यावं, दोघांपैकी ज्याचा विक्रेता जवळ त्याचं. माझ्या तपासाचं फळ एवढंच, आणि त्यात कुठल्याही तटाला विजय नाही.

आमची गरज तर त्याहून लहान निघाली. दिल्ली वृक्ष संरक्षण कायदा १९९४ चा; परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. जीव-मालमत्तेला तातडीचा धोका असेल तर तोडून चोवीस तासांत वृक्ष अधिकाऱ्याला कळवायचं. छाटणीला पूर्वी थोडी सूट होती, १५.७ सेंटिमीटर घेरापर्यंतच्या फांद्यांना. ती २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केली. म्हणजे सोसायटीनं करवत हातात घ्यायची ती बहुतेक वेळा पडलेल्या फांदीसाठीच. त्यासाठी बॅटरीवरची छोटी करवत घेतली: पेट्रोल नाही, झिल्ली नाही, अंदाजाचं तेल नाही. बारला तेल तेवढं घालावं लागतं, ते आता मी स्वतः बघतो. मोठं काम निघालं तर त्रिलोकपुरीतला एक कारागीर स्वतःचं मशीन घेऊन येतो.

खर्चाच्या वहीत यंदा दोन नव्या नोंदी आहेत, गोल कानस आणि पक्कड. माळ्यानं पावसाळ्यात एकेका झाडाचे खिळे उपटले आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकले. डबा एका हातानं उचलत नाही. रस्त्याकडेची सातवीण तेवढी राहिलीय. सध्या ती फुललीय, रात्री खिडकी उघडवत नाही इतका वास. तिच्या खोडात दिव्यांच्या माळा अडकवायचे खिळे आहेत. ते तुळशीच्या लग्नानंतर काढू, असं बैठकीत ठरलंय.