तीन पत्ते उघडल्यानंतर

पत्त्यांचा कॅट नाही असं घर आपल्याकडे शोधावंच लागेल. सुटीतलं सात-आठ, मेंढीकोट, बदाम सात, मोठ्यांची रमी आणि दिवाळीतली तीन पत्ती हे सगळे आपल्या ओळखीचे खेळ. आज ज्याविषयी बोलायचं आहे तो पोकर हा तीन पत्तीचा दूरचा भाऊबंद. अमेरिकेतला ‘टेक्सास होल्डेम’ हा त्याचा सर्वांत गाजलेला प्रकार. टीव्ही आणि मोबाइलमुळे तो आपल्या तरुण मुलांपर्यंत पोहोचला आणि ‘हा नशिबाचा नव्हे, डोक्याचा खेळ आहे’ हे वाक्यही त्याच्यासोबत घरात आलं. त्यात खरं किती, हे पाहायचं तर डावातल्या एका विशिष्ट क्षणाकडे जायला हवं.

आधी खेळ समजून घेऊ. प्रत्येकाला दोन पत्ते बंद मिळतात. त्यावर पैसे लावण्याची एक फेरी होते. मग टेबलाच्या मध्यभागी तीन पत्ते उघडले जातात. ते सगळ्यांचे सामाईक. यांना ‘फ्लॉप’ म्हणतात. पुढे चौथा पत्ता येतो, तो ‘टर्न’ आणि पाचवा ‘रिव्हर’. प्रत्येक पत्त्यानंतर पैशांची फेरी असते. शेवटी आपले दोन आणि मधले पाच अशा सातांतून ज्याचे पाच पत्ते सर्वांत भारी, त्याचा डाव.

आता गंमत पाहा. फ्लॉप उघडला, की सातांपैकी पाच पत्ते आपल्याला दिसलेले असतात. पैशांच्या फेऱ्या मात्र अजून तीन बाकी असतात. म्हणजे माहिती बरीचशी मिळाली आहे आणि मोठा खर्च व्हायचा आहे. शहाणा खेळाडू आणि हौशी खेळाडू यांच्यातला फरक इथेच दिसतो.

आपल्या हाती जोडी नसलेले दोन पत्ते असतील, तर फ्लॉपमधून त्यांपैकी एकाची तरी जोडी जुळण्याची शक्यता सुमारे 32 टक्के. तीनपैकी दोन वेळा काही जुळत नाही. हातात जोडी असेल, तर तिसरा तसाच पत्ता येण्याची शक्यता 12 टक्क्यांच्या आसपास. म्हणून पहिला धडा असा, की फ्लॉप बहुतेक वेळा आपल्याला निराश करतो आणि समोरच्यालाही करतो. हौशी माणूस यातला पहिला अर्धा भाग मान्य करत नाही आणि दुसरा विसरतो.

दुसरा धडा मोजण्याचा. समजा, तुमच्या हाती दोन इस्पिकं आहेत आणि फ्लॉपमध्येही दोन इस्पिकं आली. आणखी एक आलं की पाच इस्पिकं, म्हणजे ‘कलर’. कॅटमध्ये इस्पिकं तेरा, चार दिसली, उरली नऊ. न दिसलेले पत्ते 47. पुढच्याच पत्त्यावर काम होण्याची शक्यता 47 पैकी 9, म्हणजे 19 टक्के. दोन्ही पत्ते पाहायला मिळाले तर 35 टक्के. टेबलावर बसून एवढा भागाकार कोण करणार? म्हणून खेळाडूंनी एक आडाखा बसवला आहे. उपयोगी पत्ते मोजा. एक पत्ता यायचा असेल तर दोनाने गुणा, दोन यायचे असतील तर चाराने. दोन्ही टोकांनी पुरा होऊ शकणाऱ्या सिक्वेन्सला आठ पत्ते उपयोगी. मधलाच एक हवा असेल तर फक्त चार.

पण शक्यता हा निम्मा हिशेब झाला. उरलेला निम्मा किमतीचा. मध्ये 600 रुपये जमले आहेत आणि समोरच्याने आणखी 300 लावले. आता 900 जिंकण्यासाठी तुम्हाला 300 घालायचे आहेत. तुमचे धरून एकूण 1,200 आणि त्यात तुमचे 300, म्हणजे पाव हिस्सा. चार वेळांत एकदा जिंकलात तरच बरोबरी. एका पत्त्यावर तुमचा कलर होण्याची शक्यता 19 टक्के, म्हणजे भाव महाग. मात्र समोरच्याचे सगळे पैसे लागलेले असतील आणि आणखी न देता दोन्ही पत्ते दिसणार असतील, तर शक्यता 35 टक्के होते. तेव्हा तोच भाव स्वस्त ठरतो. पत्ते तेच आणि रक्कमही तीच, उत्तर मात्र उलटं.

तिसरा धडा टेबल वाचण्याचा. राजा, सत्ती, दुर्री आणि तिन्ही वेगळ्या रंगांचे, असा फ्लॉप ‘कोरडा’. त्यातून पुढे फारसं काही घडत नाही. एकाच रंगाची नव्वी, अठ्ठी, सत्ती आली तर फ्लॉप ‘ओला’. तिथे कोणाचा कलर, कोणाचा सिक्वेन्स दबा धरून असू शकतो आणि हातातल्या एक्क्यांच्या जोडीचीही धास्ती वाटायला हवी.

याचं प्रसिद्ध उदाहरण 2003 सालचं आहे. लास व्हेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ स्पर्धेत 839 खेळाडू उतरले होते. शेवटी दोघं उरले, मुरलेला खेळाडू सॅम फारहा आणि टेनेसी राज्यातला हिशेबनीस ख्रिस मनीमेकर. एका डावात मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती होती. फारहाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. फ्लॉपमध्ये इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री आणि इस्पिकची छक्की आली. फारहाची नव्वीची जोडी झाली. मनीमेकरला काही नाही. टर्नला इस्पिकची अठ्ठी पडली आणि चित्र बदललं. आता कोणत्याही इस्पिकाने मनीमेकरचा कलर होणार होता आणि पंजी किंवा दश्शी आली तर सिक्वेन्स. त्याच्या बाजूने पाहिलं तर 46 पैकी 15 पत्ते कामाचे, जवळजवळ एक तृतीयांश. त्याने रक्कम वाढवली, फारहा टिकून राहिला. रिव्हरला बदामची तिर्री आली, म्हणजे काहीच नाही. तरीही मनीमेकरने सगळे पैसे लावले. फारहाने बराच विचार केला आणि जिंकणारे पत्ते खाली टाकले.

ही थाप पचली, कारण टेबलावरच्या पत्त्यांशी ती जुळणारी होती. तीन इस्पिकं आणि छक्की, अठ्ठी, नव्वी समोर पडलेली असताना ‘माझा डाव झाला आहे’ ही गोष्ट खरी वाटते. त्यानंतर थोड्याच वेळात मनीमेकर जिंकला आणि 25 लाख डॉलर घेऊन गेला. जगभरच्या हौशी लोकांनी थाप लक्षात ठेवली. त्या टर्नवरचे 15 पत्ते फार थोड्यांनी मोजले.

थाप हीसुद्धा गणिताचीच बाब आहे. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांनी 1944 मध्ये आपल्या ग्रंथात पोकरमधल्या थापेचं गणित मांडलं. 2017 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणक कार्यक्रमाने 1,20,000 डावांत चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. त्या यंत्राला समोरच्याचा चेहरा दिसत नव्हता. तरी ते नेमकं थापा मारत होतं.

मग हा डोक्याचा खेळ ठरला का? ठरला, पण हजारो डावांच्या हिशेबात. एका संध्याकाळी अचूक निर्णय घेणारा हरतो आणि चुकीचा निर्णय घेणारा जिंकतो. हा चुकून जिंकलेला माणूस सर्वांत धोक्यात असतो, कारण नशिबाला तो अक्कल समजतो. शिवाय खेळ चालवणारा प्रत्येक मोठ्या डावातून आपला वाटा काढून घेतो. त्यामुळे टेबलावरच्या सगळ्यांची बेरीज नेहमी उणेच असते. मांडवीतल्या जहाजांवरच्या टेबलांनाही हे गणित चुकलेलं नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने 2025 मध्ये केला. त्यात कौशल्य की नशीब हा भेद ठेवलेला नाही.

फ्लॉपनंतरची सर्वांत महागडी चूक मात्र गणितातली नसते. ‘आता एवढे घातलेच आहेत, तर आणखी थोडे’ हा विचार माणसाला बुडवतो. मध्ये पडलेले पैसे तुमचे राहिलेले नसतात. ते सगळ्यांचे झालेले असतात. प्रश्न फक्त पुढच्या रुपयाचा असतो: तो टाकावा, इतकी शक्यता आहे का? नसेल तर पत्ते खाली ठेवावेत. तीन पत्ते उघडल्यावर तीनपैकी दोन वेळा जुळत नाही, हे ज्याने मनापासून मानलं, त्याला उठणं जड जात नाही. आणि घरातला मुलगा डोक्याचा खेळ म्हणून सांगू लागला, तर त्याला एवढंच विचारावं, की मागच्या वेळी तू पत्ते खाली कधी ठेवलेस?