व्यसनाची बातमी आणि घरातील मौन

प्रतापनगरातील एक परिचित व्यापारी कुटुंब वर्षभर सांगत होते, की मुलगा काकांच्या पेढीवर काम शिकण्यास गेला आहे. प्रत्यक्षात तो वरच्या मजल्यावरील खोलीतच होता. अमली पदार्थांच्या आहारी गेलेला. डॉक्टरांकडे का नेले नाही, असे मी विचारले. वडील म्हणाले, "पेपरात नाव आले तर? पेढीची पत जाईल, मुलीचे लग्न अडेल."

ही भीती अकारण नव्हती. या विषयाची बातमी म्हणजे छापा, जप्त मालाची किंमत आणि बुरखा घातलेले तरुण. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझ प्रकरणात एका अभिनेत्याच्या मुलास अटक झाली, तेव्हा वाहिन्यांवर कित्येक दिवस तेच चालले होते. मे २०२२ च्या आरोपपत्रात पुराव्याअभावी त्याचे नाव नव्हते. अटकेची बातमी मात्र लोकांच्या मनातून पुसली गेली नाही. उपचार घेऊन पुन्हा दुकानात बसू लागलेला माणूस तर बातमीचा विषयच होत नाही.

लेखणीने निराळे कार्यही केले आहे. १९८० च्या दशकात अनिल अवचट यांनी 'गर्द'च्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लेखमाला लिहिली. ती वाचून व्यथित झालेल्या पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. येरवडा मनोरुग्णालयातील डॉ. अनिता अवचट यांनी ते उभे केले. तेथे बरे झालेल्यांपैकी अनेक जण पुढे तेथेच समुपदेशक झाले.

आपण सप्तव्यसनांच्या त्यागाचे संस्कार घेऊन वाढतो, म्हणून घरात व्यसन शिरले की पापाचा विचार आधी येतो, आजाराचा मागाहून. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकास काही उपचार मिळतो. बँकेत थकीत कर्ज लपविणारा शाखाधिकारी आम्ही पाहिला आहे; दिवस लोटतात तसे ते अधिकच बुडते.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनी व्यक्तीस ते खटल्यापासून संरक्षण देते. छाप्याच्या बातमीखाली ही ओळ मी क्वचितच वाचली.

त्या वडिलांना मी ते कलम वाचून दाखविले. ते गप्प राहिले. १४४४६ हा शासनाचा निःशुल्क क्रमांक दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईने लावला.