पाणी चित्र केव्हा धरते?

पाण्यावर चित्र पाडता येईल का, हा प्रश्न घेऊन गेल्या हिवाळ्यात पाच-सहा मुले माझ्या घरी आली. पालघरला मी अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. निवृत्तीनंतरही कोणाला भिंग, आरसा, प्रोजेक्टर यांतले काही अडले की पावले माझ्याकडे वळतात. ही मुले मात्र अभ्यासासाठी आली नव्हती. तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीच्या वेळी अक्करपट्टी आणि पोफरण ही समुद्रकाठची दोन गावे उठली. त्या गावांतल्या कुटुंबांची ही नातवंडे. आजीच्या ट्रंकेत जुने फोटो होते : ओटीवर बसलेली माणसे, विहीर, ओढून ठेवलेली होडी. हे फोटो एका रात्री पाण्यावर दाखवायचे, सगळ्यांनी काठाशी बसायचे, पाण्यात हात घातला की चित्र हलले पाहिजे आणि हात काढला की पुन्हा जमले पाहिजे, अशी त्यांची कल्पना.

“भिंतीवर दाखवा की,” मी म्हटले.

“भिंतीवर लग्नाची कॅसेट दाखवल्यासारखं होईल, बाई. आमचं गाव पाण्याच्या काठी होतं.”

मी लगेच ‘होईल’ म्हणून टाकले. ते चुकीचे होते, हे पहिल्याच रात्री कळले. त्या चुकीतून जे शिकायला मिळाले ते प्रकाशाबद्दल जितके होते तितकेच आमच्या पाण्याबद्दलही होते, म्हणून हा लेख.

आरसा आणि पडदा

पहिला प्रयोग आम्ही एका गावतळ्यावर केला. तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर काठावर दोन मीटर उंचीवर ठेवला आणि दहा-बारा मीटर अंतरावरच्या पाण्यावर रोखला. वारा पडला होता, पाणी नितळ होते. दिवा लावला आणि पाण्यावर काहीच दिसेना. थोड्या वेळाने एक मुलगी ओरडली, “तिकडे बघा!” पलीकडच्या पंपघराच्या भिंतीवर आजीची ओटी दिसत होती, उलटी.

चित्र दिसायचे तर त्यावर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना विखुरला पाहिजे. पांढरे कापड तेच करते, म्हणून खोलीत कुठेही बसलेल्या माणसाला पडद्यावरचे चित्र दिसते. आरसा प्रकाश विखुरत नाही, एकाच दिशेला परत पाठवतो. स्वच्छ पाणी हे आरसा आणि खिडकी यांचे मिश्रण आहे. प्रकाश सरळ वरून पडला तर पाण्याची पाठ त्यातला केवळ २ टक्के परत पाठवते, बाकीचा आत जातो. प्रकाश जितका तिरका, तितका आरसेपणा वाढतो. आमचा झोत पाण्याच्या पातळीशी दहा अंशांचा कोन करत होता. तेव्हा सुमारे ३५ टक्के प्रकाश परावर्तित होतो. तोच पंपघराच्या भिंतीवर गेला. उरलेला पाण्यात शिरून तळाच्या काळ्या गाळात संपला. शिवाय इतक्या तिरक्या झोतात चित्र लांबीला पावणेसहा पट ताणले जाते. होडीची काठी झाली असती, ते वेगळेच.

शहरांतल्या उद्यानांत पाण्यावर सिनेमा दाखवतात तो कसा, असे मुलांनी विचारले. तिथे चित्र साठलेल्या पाण्यावर पडतच नाही. पंपाच्या जोराने पाण्याचा पंख्यासारखा पातळ फवारा उभा करतात आणि त्यातले थेंब पडद्याचे काम करतात. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा थेंब पुष्कळ मोठे असल्याने ते बहुतेक प्रकाश पुढच्या दिशेला टाकतात, मागे फारच थोडा येतो. म्हणून प्रोजेक्टर फवाऱ्याच्या एका बाजूला आणि प्रेक्षक दुसऱ्या बाजूला लागतात. खर्च आणि वीज सोडून द्या, पण अशा चित्राला हात लावता येत नाही. मुलांना तर हातच लावायचा होता.

काळा रंग नसलेला दिवा

पडद्याची ही कला आमच्या भागाला नवी नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. तोवर आम्ही आणि कल्याण एकाच ठाणे जिल्ह्यात होतो. त्या कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. शंबरासुराच्या मायेची आठवण त्या नावातच आहे. काचेच्या छोट्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे, एकाहून अधिक कंदील आणि एका चित्रातून दुसऱ्यात सरकत जाणारी पौराणिक कथा, असा तो खेळ होता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा आला, त्याच्या आधीपासून हलत्या चित्रांचा आभास मराठी प्रेक्षकांनी पाहिलेला होता.

कंदिलाच्या काचांवर आकृतीभोवतीची जागा काळ्या रंगाने बुजवण्याची रीत होती. त्यामागचे कारण आजच्या प्रोजेक्टरलाही लागू आहे. दिवा काळा रंग फेकू शकत नाही. पडद्यावर आपल्याला काळे वाटते ती केवळ प्रकाश न पडलेली जागा असते. जुन्या फोटोत करड्या छटाच जास्त. अंधाऱ्या पाण्यावर त्या सगळ्या बुडून जातात आणि उरतो एक मळकट चौकोन.

यावर उपाय सुचायला आम्हाला फार लांब जावे लागले नाही. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ ही वारली चित्राची रीत. गडद पार्श्वभूमी आणि त्यावर मोजकी पांढरी रेषा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर पोहोचवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी काढलेले मासेमारीचे जाळे ज्यांनी पाहिले आहे त्यांना कळेल की केवळ बारीक रेघांनी पाणी कसे भरून दाखवता येते. मुलांनी वारली आकृत्या उचलल्या नाहीत. लग्नाचा चौक ही दुसऱ्या समाजाची पूजेची गोष्ट आहे, ती आपल्या खेळात आणायची नाही, हे त्यांनी आपणहून ठरवले. घेतली ती फक्त युक्ती. फोटोवर पातळ कागद ठेवून आजीच्या घराच्या कडा गिरवल्या : कौलांची उतरण, दाराची चौकट, विहिरीचा रहाट. काळ्यावर पांढरे. गिरवताना आजी शेजारी बसून चुका काढत होती. दार डावीकडे होते, फोटो उलटा छापलाय, असे तिने सांगितले तेव्हा घरात बराच वाद झाला. शेवटी आजीचेच खरे धरले.

खाडीवरची रात्र

रेघा तयार झाल्या, पण पडद्याचा प्रश्न तसाच होता. एकाने सुचवले, तळ्याचे पाणी नितळ म्हणून चित्र धरत नाही, तर खाडीवर जाऊ. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाची एक खाडी आम्ही निवडली. तिचे नाव इथे देत नाही. ओहोटी संपत आलेली होती. दिवा लावला आणि सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. पाण्यावर घर उभे होते! कौले मोजता येत होती.

काठाशी साचलेल्या जाड पांढऱ्या फेसावर ते पडले होते. फेस म्हणजे हवेचे असंख्य बुडबुडे. प्रत्येक बुडबुड्याच्या पातळ भिंतीवर प्रकाश थोडा वळतो, थोडा उसळतो, आणि अशा हजारो भिंतींतून गेल्यावर सगळीकडे विखुरतो. म्हणूनच फेस पांढरा दिसतो आणि म्हणूनच तो उत्तम पडदा असतो.

मुलांपैकी एकाचे आजोबा बरोबर आले होते. आयुष्यभर तांडेल म्हणून होडी चालवलेला माणूस. ते टाळ्या न वाजवता उभे होते.

“भरतीचा फेस फुटतो, बाई,” ते म्हणाले. “हा उद्यापर्यंत असाच बसून राहील. आमचं घर ह्याच्यावर नका दाखवू.”

मी दिवा बंद केला.

यानंतर मी घरी येऊन जे वाचले आणि पडताळले त्याचा सारांश सांगते, कारण इथे घाईने निष्कर्ष काढणे सोपे आहे. गढूळ पाणी म्हणजे घाण पाणी नव्हे. आमच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते आणि खाडीतला गाळ दिवसातून दोनदा ढवळते. तो गाळ कांदळवनांचे अन्न आहे. शेवाळ आणि कुजका पाला यांमुळे समुद्रावर नैसर्गिक फेसही येतो. उलट नितळ पाणी शुद्धच असेल असेही नाही. विरघळलेले आम्ल किंवा धातू प्रकाश विखुरत नाहीत, त्यामुळे ते डोळ्याला दिसत नाहीत. पाण्याचा गढूळपणा मोजण्यासाठी इटलीतल्या आंजेलो सेक्की या धर्मगुरू-खगोलवेत्त्याने १८६५ मध्ये पांढरी तबकडी समुद्रात सोडून ती दिसेनाशी होण्याची खोली मोजली. ही तबकडी आजही वापरतात. ती पाण्यात किती कण आहेत हे सांगते, ते कण कशाचे आहेत हे सांगत नाही.

आम्ही पाहिलेला फेस कशाचा होता हे प्रयोगशाळेतच ठरले असते. आम्ही नमुना घेतला नव्हता, म्हणून मी कोणावर बोट ठेवत नाही. पण तांडेल आजोबांचा संशय हवेतला नव्हता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्राला १०० पैकी ९३.६९ गुण मिळाले, देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत जास्त. या भागातल्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्येच राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला होता. ज्यांचे पोट खाडीवर आहे त्यांना तिचा फेस वाचता येतो. मला त्या रात्री फक्त पडदा दिसला होता.

आणि माझी खरी अडचण पुढेच होती. पाण्यावर चित्र दाखवणाऱ्याला पाण्यात काहीतरी मिसळलेले हवेच असते. नितळ तळ्यात थोडे दूध ओतले, खडूची पूड टाकली किंवा साबणाचा फेस केला तर आमचे काम एका मिनिटात झाले असते. टबात असा प्रयोग मी वर्गात कितीदा केला आहे. पण तळ्यात दूध सडते आणि पाण्यातला प्राणवायू खाते, साबण माशांच्या कल्ल्यांना त्रास देतो. पाणी गेले म्हणून हळहळणाऱ्या माणसांना चित्र दाखवण्यासाठी आणखी एक पाणी बिघडवायचे, हे मुलांना पटण्यासारखे नव्हते आणि मलाही नाही.

चार बोटे पाणी

उपाय साधा निघाला. पाण्यात काही मिसळायचे नाही, काही काळ ठेवायचे आणि परत काढून घ्यायचे. बांबूच्या चौकटीवर पांढरे मांजरपाट ताणून बसवले, चौकटीला दगड बांधले आणि तळ्याच्या पायऱ्यांशी ती पाण्याखाली चार बोटांवर स्थिर केली. आता पाणी खिडकी झाले आणि कापड पडदा. प्रोजेक्टर पायऱ्यांच्या वर बांबूच्या मचाणावर, शक्य तितका सरळ खाली तोंड करून लावला.

खोली चार बोटेच का, हे सांगितले पाहिजे. हात घातला की तरंग उठतात आणि पाण्याची पाठ जागोजाग कलते. तिथे प्रकाशाचे अपवर्तन होऊन किरण सरकतो. पाठ दहा अंश कलली तर किरण सुमारे अडीच अंश वळतो. कापड आठ सेंटिमीटर खाली असेल तर रेघ तीन-चार मिलिमीटर सरकते, म्हणजे घर थरथरते पण घरच राहते. तेच कापड एक मीटर खाली असेल तर रेघ चार सेंटिमीटरहून जास्त सरकते आणि चित्राचा चुरा होतो. आपणही त्याच हलत्या पाण्यातून बघत असतो, त्यामुळे डोळ्याला हे सरकणे आणखी वाढलेले दिसते. बारीक तरंग भिंगासारखे प्रकाश गोळा करतात. विहिरीच्या तळाशी दुपारी नाचणारे सोनेरी धागे ते हेच, आणि ते घराच्या कौलांवर नाचू लागतात. स्पर्श ओळखणारे कॅमेरे, संगणक यांची गरज उरली नाही. तसल्या यंत्रांत बहुधा अवरक्त किरण वापरतात आणि पाणी ते दृश्य प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त शोषते, त्यामुळे तिथेही पाण्याने आमची फजितीच केली असती.

हे कोणाला आपल्या गावी करायचे असेल तर दोन सूचना. विजेचे यंत्र आणि जोडण्या काठापासून दूर ठेवा आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवल्याशिवाय कोणाला पाण्याला हात लावू देऊ नका. दिवाही तासाभरापेक्षा जास्त जाळू नका. पाण्यातले जीव आणि किडे उजेडाकडे धावतात, रात्र त्यांचीही असते.

कार्यक्रमाच्या रात्री पायऱ्यांवर गर्दी झाली. आधी मुले पुढे घुसली आणि त्यांनी इतके पाणी उडवले की घर दिसेचना. मोठी माणसे मागे उभी राहून वाट पाहत होती. मग तांडेल आजोबा सगळ्यांत खालच्या पायरीवर येऊन बसले. त्यांनी पाण्याला हात लावला नाही. दोन्ही हात पसरून नातवंडांना मागे धरले आणि म्हणाले, “थांबा. पाणी बसू द्या.”

पाणी बसायला अर्धा मिनिट लागला असेल. आधी चौकट जमली, मग कौले, मग उजव्या हाताला विहीर. आजीने चूक काढलेले दार डावीकडेच होते.