रेडिओवर भरणारी शाळा

आपल्याकडे दोन-दोन कोस चालत शाळेला जाणारी मुलं आहेत. तेवढं अंतर आपल्याला फार वाटतं. पण शेजाऱ्याचं घरच पन्नास कोसांवर असेल, तर? शाळा कुठं भरायची? मास्तरांनी शिकवायचं कुणाला?

ऑस्ट्रेलिया देशाच्या मधल्या भागात अशीच अवस्था आहे. हा देश आपल्या भारताच्या दुपटीहून मोठा. माणसं मात्र पावणेतीन कोटींच्या आसपास. एकट्या महाराष्ट्रात 2011 सालच्या शिरगणतीत सव्वाअकरा कोटी माणसं भरली! त्यातून तिकडची बहुतेक वस्ती समुद्रकाठच्या शहरांत. मधे नुसती तांबडी माती, खुरटं गवत आणि कोरड्या नद्या. या मुलखाला 'आउटबॅक' म्हणतात. तिथं गुरं पाळतात. अॅना क्रीक नावाचं गुरांचं एकच रान जवळजवळ पुणे जिल्ह्याएवढं आहे.

तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षं या मुलखात राहत आले. त्यांचा निरोप्या खुणा कोरलेली काठी घेऊन चालत जाई. पुढे गोरे लोक आले. त्यांचं सामान आणि टपाल उंटांवरून जाऊ लागलं. उंट काही तिथले नव्हेत. 1860 साली कराची बंदरातून ते बोटीनं तिकडे गेले. बरोबर उंटवालेही गेले. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती, बरं का!

1872 साली दक्षिणेच्या अॅडलेड शहरापासून उत्तरेच्या डार्विन बंदरापर्यंत तार ओढली. लांबी सुमारे 3,200 किलोमीटर, खांब 36,000. पुढे आणखीही तारा झाल्या. पण तारेनं निरोप जातो, माणूस जात नाही. 1917 सालची गोष्ट ऐका. हॉल्स क्रीक या आडगावाजवळ एक गुराखी घोड्यावरून पडला. पोटात जबर मार बसला. गावात डॉक्टर नाही. पोस्टमास्तरनं दूरच्या पर्थ शहरातल्या डॉक्टरला तार केली. डॉक्टर तिकडून तारेनं सांगत गेला आणि पोस्टमास्तरनं चाकूनं शस्त्रक्रिया केली! मग डॉक्टर स्वतः निघाला. आधी बोटीनं, मग मोटारीनं. पोचायला बरेच दिवस लागले. पोचला तेव्हा कळलं, गुराखी आदल्याच दिवशी वारला.

जॉन फ्लिन नावाच्या पाद्र्याच्या मनाला हे फार लागलं. त्यानं खटपट करून 1928 साली विमानानं फिरणारा डॉक्टर सुरू केला. पण रानातून डॉक्टरला हाक कशी मारायची? बिनतारी यंत्राला वीज लागते. वीज कुठून आणणार? आल्फ्रेड ट्रेगर या कारागिरानं 1929 साली युक्ती काढली. यंत्राला सायकलीसारखे पायडल लावले. खुर्चीत बसायचं, पाय मारायचे, की वीज तयार. हात मोकळे. आधी या यंत्रावर तारेसारखं 'कडकट्ट' करावं लागे. पुढे त्यावर चक्क बोलता येऊ लागलं.

मग काय, एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या बायका रेडिओवर सुखदुःख बोलू लागल्या. तिकडे गला नावाचा गुलाबी, बडबड्या काकाकुवा असतो. या गप्पांच्या वेळेला त्याचंच नाव पडलं. आपल्याकडचा पाणवठाच म्हणा की!

आता शाळेचं ऐका. रानातल्या मुलांना धडे टपालानं यायचे. अॅडलेड मीथकी या पूर्वी शिक्षणखात्यात असलेल्या बाईंनी पाहिलं, की मुलं परक्या माणसाला बुजतात, पण रेडिओ बिनधास्त चालवतात. मग शाळाच रेडिओवर का भरवू नये? 1951 साली अॅलिस स्प्रिंग्ज गावी अशी शाळा सुरू झाली. बाई प्रश्न विचारत. मूल उत्तर देई आणि शेवटी 'ओव्हर' म्हणे. म्हणजे, माझं झालं, आता तुम्ही बोला. एका वेळी एकानंच बोलायचं. त्यामुळे वर्गात गलका नाही!

परंतु रेडिओ दिवसातून थोडाच वेळ चाले. बाकी दिवसभर मुलाजवळ कोण बसणार? बहुधा आईच. धडा वाचून दाखवायचा, गणित समजावायचं, वही टपालात टाकायची. गुरं आणि चूल सांभाळून हे सारं. मला तर यंत्रापेक्षा या आयांचं नवल जास्त वाटतं. तिला वाचता येत नसतं, तर रेडिओ असून काय उपयोग झाला असता?

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही शाळा निघाली ती मुख्यतः गुरांच्या रानांवरल्या गोऱ्या मुलांसाठी. मूळ रहिवाशांची कितीतरी मुलं त्याच काळात सरकारनं आयांपासून ओढून नेली. 1970 सालापर्यंत हे चाललं. सरकारनं संसदेत माफी मागितली ती 2008 साली.

अॅलिस स्प्रिंग्जची शाळा आजही भरते. तिचा मुलूख तेरा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे चार महाराष्ट्र बसतील एवढा. मुलं मात्र थोडीच. रेडिओ आता गेला. 2015 आणि 2016 साली आडरानांसाठी दोन उपग्रह आकाशात सोडले. आता उपग्रहामार्फत बाईंना पडद्यावर मुलं दिसतात, मुलांना बाई दिसतात. उत्तर येत असेल तर मूल हात वर करतं. वर्षातून काही वेळा सगळी मुलं गावी जमतात आणि एका वर्गात बसतात. एरवी शेजारी आई असते, नाहीतर पगारी शिकवणारी बाई. तिच्या हातात धड्याचा कागद असतो.