विदा-आराखड्यांतील आंतर-फाईल संदर्भांची उकल : नाव आणि ठिकाण यांतील भेद

बीजशब्द : विदा-आराखडा, जेसन स्कीमा, संदर्भ, आधार-यूआरआय, नोंदवही, पडताळणी

प्रस्तावना

महाविद्यालयातील प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय आणि शिष्यवृत्ती या विभागांचे कामकाज निरनिराळे असले, तरी त्यांच्या नोंदींतील बरीच माहिती समान असते. विद्यार्थ्याचे नाव, जन्मदिनांक, पत्ता, पिनकोड या बाबी सर्वत्र येतात. ही माहिती संगणकीय प्रणालीत स्वीकारण्यापूर्वी ती विहित स्वरूपात आहे की नाही, हे तपासावे लागते. ज्या नियमांच्या आधारे ही पडताळणी होते, त्यांच्या लेखी मांडणीस विदा-आराखडा किंवा रूढ शब्दात स्कीमा असे म्हणतात.

पिनकोड सहा अंकी असतो आणि त्याचा पहिला अंक शून्य नसतो, हा साधा नियम घ्या. तो चार विभागांच्या चार फाईलींत स्वतंत्रपणे लिहिला, तर कालांतराने एका फाईलीत दुरुस्ती होते व तीन तशाच राहतात. एकाच विद्यार्थ्याचा अर्ज एका विभागात ग्राह्य आणि दुसऱ्या विभागात अग्राह्य ठरतो. म्हणून समाईक नियम एकाच फाईलीत लिहून इतर फाईलींतून त्याचा संदर्भ देणे हा योग्य मार्ग होय. मात्र असा संदर्भ नेमका कशाकडे निर्देश करतो, हे संगणकाने कसे ठरवावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. प्रस्तुत लेखात जेसन स्कीमा या प्रचलित पद्धतीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. आराखड्याला दिलेला यूआरआय हे त्याचे नाव असते आणि फाईल जेथे ठेवली आहे ते ठिकाण वेगळे असते, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

संदर्भाचे स्वरूप

जेसन स्कीमामध्ये आराखड्याची ओळख '$आयडी' या घटकाने आणि दुसऱ्या आराखड्याकडे केलेला निर्देश '$रेफ' या घटकाने व्यक्त होतो. पुनर्वापरासाठी लिहिलेले नियम २०१९-०९ या आवृत्तीपासून '$डेफ्स' या घटकाखाली ठेवण्याचा प्रघात आहे. उदाहरणार्थ, प्रवेश-अर्जाच्या आराखड्याची ओळख '/नमुने/प्रवेश/विद्यार्थी' अशी असून त्यात पुढील संदर्भ आहे, असे समजू.

"$रेफ" : "../समाईक/पत्ता#/$डेफ्स/पिनकोड"

वाचकांच्या सोयीसाठी येथे नावे देवनागरीत दिली असून संस्थेचे क्षेत्रनाम वगळले आहे. प्रत्यक्ष यूआरआयमध्ये देवनागरी अक्षरे टक्के-चिन्हाच्या सांकेतिक रूपात लिहावी लागतात.

या संदर्भाचे दोन भाग पडतात. हॅश चिन्हापूर्वीचा भाग कोणता दस्तऐवज हवा ते सांगतो आणि त्यानंतरचा भाग त्या दस्तऐवजातील कोणते स्थान हवे ते सांगतो. पहिल्या भागाचे नियम जानेवारी २००५ मधील आरएफसी ३९८६ या मानकात आहेत, तर दुसऱ्या भागाचे नियम एप्रिल २०१३ मधील आरएफसी ६९०१ म्हणजे जेसन पॉइंटर या मानकात आढळतात.

उकलीच्या चार पायऱ्या

पहिल्या पायरीत सापेक्ष संदर्भाचे पूर्ण नाव तयार केले जाते. आधार-यूआरआय '/नमुने/प्रवेश/विद्यार्थी' हा आहे. त्यातील शेवटचा घटक वगळला असता '/नमुने/प्रवेश/' उरते. दोन टिंबांमुळे आणखी एक पातळी वर गेल्यावर '/नमुने/' उरते आणि त्यास पुढील भाग जोडून '/नमुने/समाईक/पत्ता' हे नाव मिळते. ही क्रिया केवळ अक्षरांवर होते. संगणकावरील कोणतीही फाईल अद्याप उघडलेली नसते.

दुसऱ्या पायरीत या नावाचा दस्तऐवज शोधला जातो. बहुतेक लायब्ररी यासाठी एक नोंदवही ठेवतात. तीत प्रत्येक नावासमोर त्या नावाचा आराखडा नोंदवलेला असतो.

तिसऱ्या पायरीत हॅश चिन्हानंतरच्या मार्गाने दस्तऐवजाच्या मुळापासून '$डेफ्स' आणि तेथून 'पिनकोड' येथे पोहोचावयाचे असते. एखाद्या घटकाच्या नावातच तिरकी रेघ असेल, तर ती टिल्ड चिन्ह व एक या जोडीने लिहावी लागते. टिल्ड चिन्हासाठी टिल्ड व शून्य अशी जोडी वापरतात.

चौथ्या पायरीत सापडलेला नियम लागू केला जातो. येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावी. पत्त्याच्या आराखड्यात आणखी संदर्भ असतील, तर त्यांची उकल पत्त्याच्या यूआरआयला आधार मानून होते. त्या वेळी प्रवेश-अर्जाचा यूआरआय आधार राहत नाही. दस्तऐवज बदलला की आधारही बदलतो.

आराखड्यास '$आयडी' दिलेलाच नसेल, तर तो जेथून वाचला त्या ठिकाणाचा पत्ता आधार मानला जातो. त्यामुळे असा आराखडा एका संगणकावर सुरळीत चालतो आणि दुसऱ्या संगणकावर, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्यावर, अडतो. प्रत्येक आराखड्यास स्वतःचे पूर्ण नाव देणे हा या अडचणीवरील सरळ उपाय आहे.

नावालाच ठिकाण समजण्याचे परिणाम

यूआरआय बहुधा संकेतस्थळाच्या पत्त्यासारखा दिसतो. त्यामुळे पडताळणीच्या वेळी तो दस्तऐवज इंटरनेटवरून आणावा, असा समज सहज होतो. या समजाचा परिणाम वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने अनुभवला आहे. एचटीएमएल व तत्सम भाषांच्या दस्तऐवजांत व्याकरण-फाईलींचे यूआरआय लिहिलेले असतात. ते वाचणाऱ्या असंख्य प्रणाली त्याच त्या फाईली संस्थेच्या सर्व्हरवरून पुनःपुन्हा मागवीत. अशा विनंत्यांची संख्या दिवसाला १३ कोटींपर्यंत पोहोचल्याचे संस्थेने फेब्रुवारी २००८ मध्ये नमूद केले होते. वस्तुतः या फाईली क्वचितच बदलत असल्याने त्यांची स्थानिक प्रत ठेवणे पुरेसे होते.

प्रश्न केवळ सर्व्हरवरील भाराचा नाही. पडताळणी इंटरनेटवर अवलंबून असेल, तर जोडणी खंडित होताच प्रवेशप्रक्रिया थांबू शकते. दूरस्थ फाईलीत कोणी बदल केला, तर नियम नकळत बदलतात. बाहेरून आलेल्या आराखड्यातील संदर्भ डोळे झाकून उघडल्यास संस्थेच्या अंतर्गत सर्व्हरकडेही विनंत्या जाऊ शकतात.

पायथॉन भाषेतील 'जेसनस्कीमा' या लायब्ररीची वाटचाल या संदर्भात बोधप्रद आहे. तिच्या जुन्या 'रेफरिझॉल्व्हर' या घटकात दूरस्थ संदर्भ आपोआप आणण्याची सोय होती. २०२३ मधील ४.१८ या आवृत्तीपासून हा घटक कालबाह्य ठरवण्यात आला आणि उकलीचे काम 'रेफरन्सिंग' या स्वतंत्र लायब्ररीकडे सोपवण्यात आले. या लायब्ररीची नोंदवही स्वतःहून इंटरनेटवरून काहीही आणत नाही. दस्तऐवज आणण्याचे फंक्शन वापरकर्त्याने स्पष्टपणे दिले, तरच ती ते वापरते. नवा आराखडा जोडला असता जुनी नोंदवही न बदलता नवी नोंदवही मिळते. साहजिकच एका विभागाने केलेली भर दुसऱ्या विभागाच्या पडताळणीत नकळत शिरत नाही.

निःशब्द चुका

संदर्भांच्या बाबतीत अधिक धोका लगेच लक्षात न येणाऱ्या चुकांचा असतो. त्यांपैकी दोन येथे नमूद करणे आवश्यक आहे.

पहिली चूक उकलीच्या वेळेशी निगडित आहे. जावास्क्रिप्टमधील 'एजेव्ही' ही लायब्ररी आराखडा संकलित करतानाच सर्व संदर्भ तपासते आणि एखादा न सापडल्यास त्याच वेळी त्रुटी दाखवते. याउलट 'जेसनस्कीमा' ही लायब्ररी पडताळणी करताना त्या संदर्भापाशी पोहोचल्यावरच त्याची उकल करते. पत्ता ऐच्छिक असेल आणि चाचणीसाठी घेतलेल्या अर्जांत तो भरलेलाच नसेल, तर हरवलेली फाईल कोणाच्याही ध्यानात येत नाही. प्रत्यक्ष प्रवेशाच्या दिवशी पत्ता लिहिणारा पहिला विद्यार्थी मात्र अडतो. म्हणून प्रत्येक संदर्भापर्यंत पोहोचणारे नमुना-अर्ज चाचणीत असणे आवश्यक आहे.

दुसरी चूक आवृत्तीभेदातून उद्भवते. ड्राफ्ट-४ ते ड्राफ्ट-७ या आवृत्त्यांत '$रेफ'च्या शेजारी लिहिलेले इतर नियम दुर्लक्षिले जातात. २०१९-०९ या आवृत्तीपासून ते संदर्भासोबत लागू होतात. एकच मजकूर दोन आवृत्त्यांत दोन अर्थ धारण करतो आणि जुन्या आवृत्तीत एखादी मर्यादा कोणतीही सूचना न देता गळून पडते. आराखड्याच्या आरंभी '$स्कीमा' या घटकाद्वारे आवृत्ती नमूद करणे म्हणूनच अनिवार्य मानावे.

चक्राकार संदर्भ आणि एकत्रीकरण

एखाद्या अभ्यासक्रमासाठी पूर्व-अभ्यासक्रम आवश्यक असतो आणि तोही अभ्यासक्रमच असतो. येथे आराखडा स्वतःचाच संदर्भ देतो. प्रत्येक संदर्भाच्या जागी मूळ मजकूर उतरवून घेण्याची पद्धत अवलंबिली, तर हे काम कधीच संपणार नाही. लायब्ररी संदर्भाला संदर्भ म्हणूनच ठेवतात आणि विदा जितकी खोल असेल तितकेच पुढे जातात.

अनेक फाईली एकत्र करून पाठवावयाच्या असल्यास २०२०-१२ या आवृत्तीत त्याची रीत सांगितली आहे. प्रत्येक आराखडा त्याच्या '$आयडी'सह एका मुख्य दस्तऐवजाच्या '$डेफ्स'खाली ठेवावयाचा असतो. मूळ संदर्भांत कोणताही बदल करावा लागत नाही. ठिकाण बदलले तरी नाव तेच राहिल्याने सर्व संदर्भ पूर्ववत जुळतात. नाव आणि ठिकाण वेगळे ठेवण्याचे फळ येथे स्पष्टपणे दिसून येते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, आंतर-फाईल संदर्भांची विश्वासार्हता चार शिस्तींवर अवलंबून असते. प्रत्येक आराखड्यास पूर्ण व स्थिर नाव द्यावे. त्याची आवृत्ती नमूद करावी. सर्व आराखडे स्थानिक नोंदवहीत आधीच नोंदवावेत. आणि प्रत्येक संदर्भाची चाचणी प्रत्यक्ष विदेच्या आधारे करावी. पडताळणीचा नियम चुकला, तर त्याची झळ प्रणालीपेक्षा अर्ज नाकारल्या गेलेल्या विद्यार्थ्याला अधिक पोहोचते. सबब, हा विषय संगणकशास्त्र विभागापुरता मर्यादित न मानता, विद्यार्थ्यांच्या नोंदी हाताळणाऱ्या प्रत्येक विभागाने त्याची किमान ओळख करून घेणे इष्ट ठरेल.