मेंदूची निगा – भाग ७ : ऐकू येतं, पण कळत नाही

झोपेबद्दल बोलून झालं, आज कानांकडे वळू. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं मांडली. ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा अंदाज आहे. या यादीत सर्वांत मोठा, प्रत्येकी ७ टक्क्यांचा वाटा दोन गोष्टींचा आहे : वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल आणि कमी ऐकू येणं. कोलेस्टेरॉल आपण दरवर्षी तपासतो. कान किती जण तपासतात?

अंतर्कर्णात सूक्ष्म केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. उंच पट्टीतले आवाज टिपणाऱ्या पेशी बहुधा आधी जातात, म्हणून स, त, क, प ही व्यंजनं पुसट होतात. स्वर मात्र शाबूत राहतात. ‘काप’ म्हटलं की ‘ताप’, असं काहीसं. आजोबा म्हणतात, “ऐकू येतं रे, पण बोलणं कळत नाही,” ते अगदी खरं असतं. गाळलेल्या जागा भरायचं काम मग मेंदूवर पडतं. त्यात त्याची शक्ती खर्च होते आणि ऐकलेलं लक्षात ठेवायला कमी उरते. कालांतराने माणूस लग्नकार्यात कोपरा धरतो, फोन दुसऱ्याकडे देतो. हे एकटं पडणंही मेंदूला मारक आहे, आणि घरातले म्हणतात, “वय झालं, चालायचंच.” मला हे वाक्य अतिशय घातक वाटतं.

श्रवणयंत्राने फरक पडतो का? अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं चाचणी झाली. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. यंत्र म्हणजे रामबाण नव्हे, पण ज्यांना गरज आहे त्यांनी ते टाळू नये.

तरुणांनी मोठ्या आवाजापासून कान सांभाळावेत. ८५ डेसिबलमध्ये आठ तास, ही अमेरिकेच्या ‘नायॉश’ संस्थेने कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. मिरवणुकीत ढोल वाजवणाऱ्यांनी आणि डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्यांनी कानात इअरप्लग घालावेत. उत्साहाला त्याने काही बाधा येत नाही.

पन्नाशीनंतर एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, करून घ्या. यंत्र लागलंच, तर ते दोन दिवसांत कपाटात ठेवू नका. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. तोवर घरच्यांनी टीव्ही बंद करून, समोर बसून, तोंड दिसेल असं बोलावं. ओरडू नये.