मराठी कारखानदारीची घडण – लेखांक ५ : नांगराच्या फाळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी

किर्लोस्कर बंधू ही पेढी लोखंडाच्या धंद्यात शिरली ती शेतकऱ्याच्या गरजेतून. तिने स्वतः घडवलेला पहिला महत्त्वाचा माल म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतरचा लोखंडी नांगर. पुढे पंप आले, इंजिने आली, लेथ आले; पण ओतकामाची विद्या, गिऱ्हाइकाची पारख आणि माणसे जोडण्याची रीत या तिन्ही गोष्टी पेढी नांगरावर शिकली. म्हणून तिच्या इतिहासात नांगराला विस्ताराने जागा द्यावी लागते.

सायकलचे दुकान

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नव्हते. रंगांची वाट बंद झाली, तरी रेषेवरचा हात पक्का होता. ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. यंत्र उघडून पाहणे आणि त्याचा भाग न् भाग कागदावर उतरवणे ही सवय त्यांना तिथे लागली. परदेशी यंत्र समजून घेऊन इथल्या शेताला जुळेल असे नवे यंत्र घडवताना तीच उपयोगी पडली.

त्यांचे बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा बेळगावात होते. सायकल ही त्या काळी मोजक्या श्रीमंतांची वस्तू. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात, असा व्यवहार सुरू झाला. पेढी आपली स्थापना १८८८ सालापासून मोजते. नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले, तेव्हा विक्रीला दुरुस्तीची आणि दुरुस्तीला उत्पादनाची जोड मिळाली. ‘किर्लोस्कर बंधू’ या नावातले बंधू ते हेच दोघे.

लाकडी नांगर आणि लोखंडी नांगर

दख्खनमध्ये तोवर बाभळीच्या लाकडाचा नांगर चाले. त्याच्या टोकाला लोहाराने घडवलेला फाळ असे. तो जमीन चिरत जाई, पण उलथवत नसे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, भोर-वेल्ह्याच्या मावळपट्ट्यात, वरवे बुद्रुकसारख्या गावांच्या परिसरातील भातखाचरांत हलका नांगर आणि चिखलणी एवढ्यावर काम भागे. कृष्णाकाठच्या खोल काळ्या जमिनीचे तसे नव्हते. तिथे हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. नुसत्या चिरण्याने ती मरत नाहीत. लोखंडी नांगराला फाळामागे वाकवलेला पत्रा असतो. फाळाने कापलेली माती त्या पत्र्यावर चढते आणि उलटी होऊन पडते. तणांची मुळे वर येऊन उन्हात वाळतात, खालची माती तापते आणि पुढच्या पावसाचे पाणी जमिनीत मुरते. मात्र तो ओढायला एक जोडी पुरत नाही, भारी जमिनीत बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागतात.

१९०३ च्या सुमारास किर्लोस्करांचा लोखंडी नांगर तयार झाला, पण तो खपेना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत गावोगाव होती आणि नांगर तसेच पडून राहिले. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवले नाही. त्याच्या तक्रारीत खरे किती हे ते तपासत राहिले. एक तक्रार अगदी रास्त होती : विलायती नांगराच्या मानाने फाळ मऊ होता आणि लवकर झिजत होता.

या दोषाचे मूळ ओतकामात होते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात सावकाश निवले तर करड्या पोताचे आणि त्या मानाने मऊ राहते. तेच झपाट्याने निवले तर पांढरे, काचेसारखे कठीण होते. म्हणून फाळाच्या साच्यात टोकाच्या जागी वाळूऐवजी लोखंडाचा ठोकळा बसवतात. वितळलेला रस त्या थंड ठोकळ्याला भिडला की तेवढा भाग एकदम गोठतो आणि कठीण होतो, बाकीचा मऊ राहून धक्के सोसतो. सगळाच फाळ कठीण केला तर दगडाला लागून तो तुकडे होऊन पडेल. किती भाग कठीण ठेवायचा, कच्च्या लोखंडाचे मिश्रण कसे हवे, भट्टीचा ताव किती, हे पुस्तकातून थोडे आणि फसलेल्या ओतणीतून पुष्कळ शिकावे लागते. फाळ टिकू लागला आणि नांगराची मागणी वाढली.

कुंडलचा माळ

बेळगावच्या नगरपालिकेने शहरवाढीसाठी कारखान्याची जागा मोकळी करायला सांगितली, तेव्हा चालता कारखाना रस्त्यावर येण्याची वेळ आली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी लक्ष्मणरावांचा कामाच्या निमित्ताने परिचय झाला होता. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी कर्ज देऊ केले.  औंधचे संस्थान लहान आणि तुकड्यातुकड्यांत विखुरलेले होते, तरी एका उद्योजकाला जागा आणि भांडवल देण्याचे धैर्य त्याने दाखवले.

१० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन. माळ उजाड होता, निवडुंगाने भरलेला होता आणि सापांचा वावर होता. पाण्याचीही ओढ होती. पण जागेचे दोन गुण मोठे होते. दाराशी रेल्वे असल्याने कच्चे लोखंड आणि कोळसा आत येई, तयार नांगर बाहेर जाई. शिवाय ज्या काळ्या जमिनीसाठी नांगर बनत होता, ती आसपासच पसरलेली होती. पुढे स्टेशनलाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

घरचे आणि बाहेरचे

पेढी कुटुंबाची होती, पण वाडी एकट्या कुटुंबाने उभारली नाही. शंभूराव जांभेकर यंत्रांची बाजू सांभाळत, मंगेशराव रेगे हिशेबाची. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर पहाऱ्याचे काम विश्वासाने सोपवले गेले. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी पहिल्या बिकट दिवसांत कामगारांच्या कुटुंबांना आपल्या घराचा आधार दिला.

पुतणे शंकर वासुदेव, म्हणजे ‘शंवाकि’, यांनी धंद्याला शब्दांची जोड दिली. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे पत्रक म्हणून सुरू झाले आणि पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतले वजनदार मासिक बनले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. नांगर बनवणाऱ्या वाडीतून निघालेली ही मासिके मराठी घरांत विवेकाचा आणि स्त्रीस्वातंत्र्याचा विचार घेऊन गेली.

नांगराकडून पाण्याकडे

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येईनासा झाला आणि देशी नांगराला मागणी वाढली. त्याच वेळी लोखंड आणि कोळसा मिळणे कठीण झाले. या ओढाताणीतून तरून गेल्यावर १९२० मध्ये पेढीची ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही मर्यादित कंपनी झाली. त्याच दशकात स्पर्धाही आली : १९२२ मध्ये साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी आपला अभियांत्रिकी कारखाना काढला.

एकदा ओतशाळा हाती आली की साचा बदलून माल बदलता येतो. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, लोखंडी फर्निचर असा माल वाढत गेला. १९२६ पासून पंप निघू लागले. जमीन खोल नांगरली तरी पाण्याचा प्रश्न उरतो, आणि विहिरीवर मोट ओढून बैल आणि माणूस दोघेही दमतात. पंपाने ते श्रम वाचवले; पंप फिरवायला इंजिन हवे, म्हणून इंजिन आले.

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव (१९०३–१९९४) अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकून १९२६ मध्ये परतले. दुसऱ्या पिढीने वाडीच्या बाहेर पाय रोवले. १९४१ मध्ये हरिहर येथे लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक निघाली. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीची झळ किर्लोस्करवाडीलाही बसली, पण कारखाना पुन्हा सुरू झाला.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. तोवर दख्खनच्या शेतात बैलांच्या लोखंडी नांगराशेजारी ट्रॅक्टरही दिसू लागला होता, आणि विहिरीवरच्या मोटेची जागा पंप घेत होता. किर्लोस्करवाडीची ओतशाळा मात्र चालू राहिली. फाळासाठी शिकलेले ओतकाम तिथे पंपाच्या कवचासाठी कामी येत होते.